आधी सनद दाखवा

“भाषा काय कुणाच्या बापाची असते का?” असं विचारणाऱ्या माणसाच्या हातात बहुधा दुसऱ्याची वही असते. गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला इतक्यांदा ऐकावा लागला आहे की त्याचं उत्तर एकदा लिहूनच ठेवावं म्हणतो. भाषा कुणाच्या बापाची नसते, कबूल. पण ती टिपून ठेवण्याचे कष्ट कुणीतरी घेतलेले असतात आणि त्या कुणाला तरी नाव असतं. सामायिक लेखन सगळ्यांचं असतं, हेही मला मान्य आहे. म्हणूनच त्यावर एकट्याचं नाव चढवायला माझा विरोध आहे.

आधी प्रकरण सांगतो, म्हणजे मी हवेत बोलत नाही हे कळेल. देहूरोडचा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना इथली बोली वेगळी सांगायला नको. लष्कराचा डेपो, दारूगोळ्याचा कारखाना, रेल्वे स्टेशन आणि जुना मुंबई-पुणे रस्ता यांच्याभोवती हे गाव वाढलं. तमिळ, तेलुगू, पंजाबी, मराठवाड्यातले, कोकणातले, सगळे इथं नोकरीच्या निमित्तानं आले आणि एकमेकांची भाषा उसनी घेत राहिले. मुसलमान घरांत दखनी बोलली जाते, तिच्यात मराठी इतकी मिसळली आहे की शिवण कुठे आहे ते दिसत नाही. पुढं चाकण, पिंपरी, भोसरीच्या कंपन्यांतून आणखी शब्द आले. पाळी, खाडा, डबल, रिजेक्शन, हेल्पर, सेटर. हे शब्द शब्दकोशात असले तरी इथल्या अर्थानं नसतात. ‘डबल मारली’ म्हणजे काय, हे सलग दोन पाळ्या उभं राहिलेल्यालाच ठाऊक.

आम्ही सात-आठ जणांनी हे शब्द टिपायला घेतले. त्यात डेपोतून निवृत्त झालेले एक चाचा होते, चाकणला कामाला जाणारा एक फिटर होता, दोन कॉलेजच्या मुली होत्या, शिवणकाम करणाऱ्या एक खाला होत्या. फाइल सगळ्यांना उघडी. कुणीही भर घालावी, कुणीही दुरुस्ती सुचवावी. एकच नियम केला होता: शेवटच्या रकान्यात ‘कुणी सांगितला’ हे लिहायचं. दोन बायकांनी नाव नको म्हटलं, तिथं आम्ही ‘सांगणारीच्या इच्छेनुसार नाव दिलेलं नाही’ असं लिहिलं. सहाशेच्या आसपास शब्द जमले.

मग एका संस्थेनं ती फाइल मागितली, आम्ही आनंदानं दिली. काही महिन्यांनी पुस्तिका आली. मुखपृष्ठावर ‘संकलन व संपादन’ म्हणून एकच नाव. आत ‘परिसरातील सर्व ज्ञात-अज्ञात सहकाऱ्यांचे आभार’. शेवटचा रकाना गायब. इतकंच असतं तरी एक वेळ गिळलं असतं. पण ‘नक्को’, ‘हौ’, ‘कायकू’ हे शब्द ‘अशुद्ध हिंदी’ या मथळ्याखाली टाकले होते. ‘नक्को’ हा मराठीच्या ‘नको’चाच दखनी अवतार आहे, हे आमच्या फाइलमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. ते काढून तिथं संपादकांनी स्वतःचं मत घातलं, आणि ते मत आता आमच्या सगळ्यांच्या तोंडी गेलं आहे. खालांनी पुस्तिका उलटसुलट करून पाहिली आणि एवढंच विचारलं, “मेरा नाम कायकू निकाले?” त्यावर मिळालेलं उत्तर म्हणजे वर दिलेलं बापाचं वाक्य.

हे भांडण नवं नाही, आणि फक्त आपलंही नाही. हुबेहूब असंच भांडण संगणकाच्या जगात झालं आहे, तेही शब्दांच्या यादीवरूनच. आज वर्तमानपत्रं ‘हॅकर’ म्हणजे बँक खातं लुटणारा असं छापतात. १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेतल्या विद्यापीठांत हा शब्द वेगळ्या अर्थानं चालायचा. यंत्राच्या पोटात शिरून ते समजून घेणारा, आणि समजलेलं इतरांना वाटून टाकणारा तो हॅकर. एमआयटी आणि स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळांत अशा लोकांची वस्ती होती. त्यांची स्वतःची बोली होती, विनोद होते, शिव्या होत्या. १९७५ मध्ये स्टॅनफर्डच्या राफाएल फिंकेल यांनी या बोलीतल्या शब्दांची फाइल सुरू केली. पुढच्याच वर्षी मार्क क्रिस्पिन यांनी तिची प्रत एमआयटीच्या यंत्रावर नेली. मग दोन्हीकडे भर पडत राहिली. डॉन वुड्स, गाय स्टील, रिचर्ड स्टॉलमन अशा अनेकांचे हात तिला लागले. दोन ठिकाणच्या प्रती अधूनमधून पडताळून एक केल्या जात. हीच ती ‘जार्गन फाइल’.

ती कुणाची होती? कुणाचीच नाही आणि सगळ्यांची. १९८१ मध्ये तिचा मोठा भाग एका अमेरिकी त्रैमासिकात छापला गेला. १९८३ मध्ये गाय स्टील यांनी ‘द हॅकर्स डिक्शनरी’ हे पुस्तक काढलं, आणि त्यावर स्टील यांच्यासोबत फिंकेल, वुड्स, स्टॉलमन, क्रिस्पिन, जेफ गुडफेलो यांचीही नावं होती. त्यानंतर फाइल जवळजवळ थिजली. ज्या प्रयोगशाळांत ती वाढली त्यांची माणसं कंपन्यांत गेली, ज्या यंत्रांवर ती बोली घडली ती यंत्रं मोडीत निघू लागली. १९९० मध्ये एरिक रेमंड यांनी ती फाइल पुन्हा हाती घेतली, वाढवली, आणि १९९१ मध्ये एमआयटी प्रेसनं ‘द न्यू हॅकर्स डिक्शनरी’ छापली. या वेळी संपादक म्हणून नाव एकट्या रेमंड यांचं.

इथून वाद पेटला. जुन्या लोकांचा आक्षेप असा की, ही बोली ज्या पीडीपी-१० यंत्रांच्या जगात जन्मली त्या जगाचा रंग उतरवून तिला युनिक्सवाल्यांचा रंग दिला गेला. पुढच्या आवृत्त्यांबद्दलचा आक्षेप आणखी कडक होता. रेमंड यांनी स्वतःची राजकीय मतं आणि स्वतःला आवडणारे शब्द ‘हॅकर असं म्हणतात’ या आवरणाखाली घुसवले, असं टीकाकार म्हणाले. म्हणजे एका माणसाचा आवाज समूहाचा आवाज म्हणून ऐकवला गेला.

रेमंड यांची बाजू उडवून लावण्यासारखी नाही, आणि ती मी उडवून लावणार नाही. त्यांनी ती फाइल उचलली नसती तर ती कुठल्या तरी जुन्या चुंबकीय टेपवर पडून राहिली असती. १९८३ च्या पुस्तकातला बहुतेक मजकूर त्यांनी ठेवला, आधीच्या संपादकांशी बोलून काम केलं, गाय स्टील यांनी त्या पुस्तकाला प्रास्ताविक लिहिलं. फाइल कुणी सुरू केली, कुणी नेली, कुणी वाढवली, याचा इतिहास रेमंड यांनी फाइलमध्येच लिहून ठेवला. एवढंच नव्हे, ही फाइल सार्वजनिक मालकीची आहे, तिच्यावर कायद्याचं बंधन नाही, मात्र उद्धृत करताना नाव आणि शक्यतो आवृत्तीचा क्रमांकही द्यावा, अशी विनंती तिच्यात आहे. कायदा नाही, पण रीत आहे. आमच्या पुस्तिकेच्या संपादकांनी यातलं निम्मं जरी केलं असतं तरी मी हा लेख लिहिला नसता.

पण या वादातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. रेमंड यांच्यावर आक्षेप घेणाऱ्यांना आक्षेप घेता आला, कारण जुन्या प्रती शिल्लक होत्या. कुठला शब्द कधी आला, कुठला कधी गेला, हे शेजारी-शेजारी ठेवून दाखवता येत होतं. जुनी प्रत असेल तर संपादकाशी भांडता येतं. ती पुसली की फक्त कुरकुर करता येते. आमच्याकडे सुदैवानं मूळ फाइल आहे. उद्या ज्यांच्याकडे नसेल त्यांनी काय करायचं?

त्याच जगातली आणखी दोन उदाहरणं घ्या. १९७२ मध्ये एमआयटीच्या त्याच प्रयोगशाळेनं ‘हॅकमेम’ नावाचं टिपण काढलं. गणिताच्या आणि संगणकाच्या युक्त्यांचा हा संग्रह होता. वर बीलर, गॉस्पर आणि श्रोपेल अशी तीन संकलकांची नावं, आणि आत युक्त्यांना क्रमांक देऊन त्या कुणाकडून आल्या त्यांची नावं कंसात. हीही सामायिक वहीच होती, पण नावं जागच्या जागी राहिली. त्यामुळे ती कुणाची खासगी मालमत्ता झाली असं कुणाला वाटलं नाही.

दुसरं उदाहरण ‘द स्टोरी ऑफ मेल’चं. एड नॅदर या खगोलशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये मेल नावाच्या एका जुन्या प्रोग्रामरची हकिगत लिहून संगणकांच्या जाळ्यावर टाकली. त्यानं ती साध्या गद्यात लिहिली होती. पुढं कुणीतरी तिच्या ओळी तोडून तिला मुक्तछंदाचं रूप दिलं, आणि तेच रूप जगभर गाजलं. हे रूप मूळ गद्यापेक्षा सरस आहे असं मानणारेही पुष्कळ आहेत. पण ते करणारा कोण, हे सामान्य वाचकाला ठाऊक नाही. म्हणजे इथं लेखकाचं नाव उरलं आणि ज्याच्या हातानं ती हकिगत लोकांच्या ओठी बसली त्याचं नाव गेलं. अन्याय नेहमी एकाच दिशेनं होतो असं नाही. कधी मूळ लिहिणारा पुसला जातो, कधी मधला.

हा मधला माणूस आपल्या ओळखीचा आहे. देहूरोडपासून पाच-सहा किलोमीटरवर देहू आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि पुन्हा वर आल्या, असं परंपरा सांगते. कुणी त्याला चमत्कार म्हणतं, कुणी म्हणतं की लोकांच्या मुखी अभंग होते म्हणून ते वाचले. मला त्या वादात पडायचं नाही. दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे: अभंग आपल्यापर्यंत आले ते कुणीतरी लिहून घेतले म्हणून. परंपरा दोन नावं विशेष सांगते. एक कडूसचे गंगाराम मवाळ आणि दुसरे संताजी जगनाडे. संताजी तेली समाजातले, चाकणचे. त्यांची समाधी इंद्रायणीच्या पलीकडे चाकणच्या वाटेवर सुदुंबऱ्याला आहे. आज ज्या रस्त्यानं कंपन्यांच्या बसेस पहिल्या पाळीचे कामगार घेऊन जातात त्याच पट्ट्यात हा तेलघाणा चालवणारा माणूस वही घेऊन बसत असे.

छापील गाथेचा इतिहास पाहा. १८६९ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचा पहिला भाग निघाला, १८७३ मध्ये दुसरा. मुंबई सरकारनं त्यासाठी २४,००० रुपये दिले होते. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित हे संपादक. साडेचार हजारांवर अभंग त्यात आले. देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखितांचा आधार घेतल्याचं त्यांनी प्रस्तावनेत सांगितलं. पुढं तुकाराम तात्यांनी जी गाथा काढली तिच्यात अभंगांची संख्या आठ हजारांच्या वर गेली. आणि नंतर विनायक लक्ष्मण भावे यांनी संताजींच्या म्हणून जतन झालेल्या वहीवरून ‘अस्सल गाथा’ छापली. साडेचार हजार खरे, की आठ हजार, की संताजींच्या वहीतले? त्या वहीतलं संताजींच्या हातचं किती, यावरही अभ्यासकांत वाद झाला.

हा वाद झाला तो चांगलाच झाला, असं मी म्हणेन. कारण वाद घालता आला तो हस्तलिखितांच्या पत्त्यांवरून. हे देहूचं, ते कडूसचं, हे तळेगावचं, एवढं तरी नोंदलेलं होतं. ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा एकटी पुरेशी नसते, हेही या इतिहासानं शिकवलं. शेवटी ‘तुका म्हणे’ आलं म्हणून अभंग तुकोबांचा ठरत नाही, तो कुठल्या वहीतून आला हे पाहावं लागतं. मात्र आज गाथेचं नाव घेतलं की किती जणांना संताजी आठवतात? आठवतात ते बहुतेक त्यांच्या समाजाच्या मेळाव्यात. ज्यानं वही धरली तो त्याच्या जातीपुरता उरला, आणि वही मात्र सगळ्यांची झाली. ‘सगळ्यांचं आहे’ या वाक्याचा हा खरा हिशेब आहे. माल सगळ्यांच्या खात्यावर, आणि कष्ट ज्याचे त्याच्या जातीच्या खात्यावर.

आता मुसलमान वाचकांशी थोडं बोलतो. इतरांनीही ऐकावं, कारण मुद्दा धर्माचा नसून रीतीचा आहे. सामायिक वारसा नावानिशी कसा जपावा, यावर आपल्याकडे बाराशे वर्षांपूर्वीच एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. हदीसच्या संग्रहांत मजकुराच्या आधी साखळी येते. मला अमुकनं सांगितलं, त्याला तमुकनं, त्याला अमक्यानं. तिला सनद किंवा इस्नाद म्हणतात. मराठीत सनद म्हणजे राजानं दिलेला हक्काचा कागद. हदीसच्या शास्त्रात सनद म्हणजे हक्क नव्हे, उलट जबाबदारी. साखळीतल्या प्रत्येक माणसाची चौकशी होते. तो कुठला, कधीचा, त्याची स्मरणशक्ती कशी, तो खोटं बोलायचा का, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला तो भेटला तरी होता का. या चौकशीसाठी माणसांच्या चरित्रांचे मोठमोठे ग्रंथ तयार झाले. त्यात बडे विद्वान आहेत, तसे कापड विकणारे, तेल विकणारेही आहेत. बायकाही आहेत.

मी शब्दांच्या यादीची बरोबरी हदीसशी करत नाही. तसा आरोप करायला कुणी बसलेलंच असतं म्हणून आधीच सांगतो. मी फक्त रीत उसनी घेतो आहे. आणि त्या रीतीत दोन दोषांना जी नावं आहेत ती आजच्या आपल्या भांडणाला तंतोतंत लागू पडतात.

पहिला दोष तदलीस. ज्याच्याकडून प्रत्यक्ष ऐकलं त्याचं नाव दडवायचं आणि आपण थेट वरच्याकडूनच घेतलं असा भास निर्माण करायचा. आमच्या पुस्तिकेत असं छापलं आहे की हे शब्द ‘लोकांच्या तोंडून गोळा केले’. खोटं नाही, पण लोकांच्या तोंडून आमच्या फाइलमध्ये आले आणि आमच्या फाइलमधून तुमच्या पुस्तिकेत. मधला दुवा गाळला की तुम्ही गल्लीबोळ हिंडलेले संशोधक ठरता, आणि खाला ठरतात ‘अज्ञात सहकारी’. याला तदलीस म्हणतात.

दुसरा दोष इद्राज. सांगणाऱ्यानं स्वतःचा खुलासा मूळ मजकुरात असा मिसळायचा की मूळ कुठं संपलं आणि ह्याचं कुठं सुरू झालं ते कळू नये. असा मजकूर ‘मुदरज’ ठरतो. ‘नक्को’ला अशुद्ध हिंदी म्हणण्याचा अधिकार संपादकांना आहे. चुकीचं असलं तरी ते त्यांचं मत. पण ते मत त्यांनी तळटीप देऊन, स्वतःच्या नावानं मांडायला हवं होतं. आमच्या मजकुरात मिसळायला नको होतं. रेमंड यांच्यावरचा आक्षेप थोडक्यात हाच होता. टीकाकारांना ‘मुदरज’ हा शब्द ठाऊक नव्हता, पण दुखणं तेच होतं.

हिंजवडीला कामाला जाणाऱ्या आपल्या मुलांना हे वेगळ्या भाषेत ठाऊक आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेलं ‘गिट’ ते रोज वापरतात. कुठली ओळ कुणी, कधी बदलली याची नोंद त्यात आपोआप राहते. ते विचारण्याच्या आज्ञेचं नावच ‘ब्लेम’ आहे. म्हणजे हॅकरांच्या जगानं भांडून-भांडून शेवटी जी सोय केली ती सनदेसारखीच आहे. श्रेय आणि दोष एकाच दोरीनं बांधलेले असावेत. नाव हवं तर चूकही अंगावर घ्या. आणि नाव काढायचं असेल तर मग चुकीचा जाब द्यायला कोण उभा राहणार?

यावर तीन उत्तरं मला ठरलेली मिळतात.

पहिलं: “इतकी नावं छापायची कुठं? पुस्तक आहे की मतदारयादी?” सात-आठ नावांना अर्धं पान लागतं. ज्या पुस्तिकेत पाहुण्यांच्या शुभेच्छांना चार पानं मिळतात तिथं अर्ध्या पानाची अडचण सांगू नये.

दुसरं: “आम्ही छापलं नसतं तर ही फाइल कुणी पाहिली असती?” खरं आहे. छापण्याचं, जपण्याचं श्रेय आहेच आणि ते मी नाकारत नाही. मवाळ आणि जगनाडे यांच्याबद्दल इतकं बोलल्यावर जपणाऱ्याला कमी लेखणं मला शोभणार नाही. पण जपणाऱ्याचं श्रेय जपल्याचं असतं. संताजींनी वही लिहिली, म्हणून ‘संता म्हणे’ असा शेवट करून तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर केले नाहीत. जपणारा हा अमानतदार असतो. अमानत सांभाळल्याबद्दल दुवा मिळते, मालकी मिळत नाही.

तिसरं उत्तर गोड आहे म्हणून जास्त घातक: “नावासाठी कशाला भांडता? सेवा निःस्वार्थ असावी.” हा उपदेश करणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर आहे, एवढं लक्षात ठेवा. निःस्वार्थपणा नेहमी ज्यांची नावं गाळली गेली त्यांच्याकडूनच का मागितला जातो? ज्या दोन बायकांनी नाव नको म्हटलं, त्यांचा तो निर्णय होता आणि आम्ही तो तसा नोंदवला. स्वतः नाव न देणं आणि दुसऱ्यानं नाव पुसणं, या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिल्यात माणसाची इच्छा असते, दुसऱ्यात फक्त संपादकाची सोय.

एवढं बाहेरच्यांना सांगितल्यावर घरच्यांना सोडणं बरोबर नाही. मराठीच्या इतिहासात मुसलमानांची नावं गाळली जातात, ही आपली तक्रार जुनी आणि खरी आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला, शाहमुनींनी ‘सिद्धांतबोध’ लिहिला, सगनभाऊंच्या लावण्या महाराष्ट्रानं मिटक्या मारत ऐकल्या. तरी शाळेच्या पुस्तकातून शिकलेल्या किती जणांना ही नावं सांगता येतील? ती आपल्यापर्यंत आली त्यात वा. सी. बेंद्रे यांनी शेख महंमदांची कविता संपादित केली, रा. चिं. ढेरे यांनी १९६७ मध्ये ‘मुसलमान मराठी संतकवी’ लिहिलं, याचा मोठा वाटा आहे. हे दोघे मुसलमान नव्हते. त्यांची नावं आपण अभिमानानं घ्यायला हवीत. आपल्याला न्याय हवा असेल तर तो सगळ्या बाजूंनी हवा.

पण आपण स्वतः काय करतो? १९९० मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. तेव्हापासून स्मरणिका निघाल्या, अंक निघाले, पुस्तिका निघाल्या. त्यातल्या कित्येक आता घरांच्या माळ्यांवर आहेत. काही तरुण त्या शोधतात, मोबाइलवर एकेक पान टिपतात, रात्री जागून टंकतात. आणि मग ती पीडीएफ हिंडू लागते तेव्हा तिच्या प्रत्येक पानावर आडवा शिक्का असतो तो कुणा तिसऱ्याच ग्रुपचा. लेखकाचं नाव कापलेलं, टंकणाऱ्याचं नाव नाही, कुठल्या वर्षीचा अंक त्याचा पत्ता नाही. हे करणारे बहुधा आपलेच लोक असतात. सनदेच्या शास्त्राचा अभिमान सांगणाऱ्या समाजानं व्हॉट्सॲपवर ‘जसं आलं तसं पुढे’ असं लिहून वारसा पाठवावा, ही शरमेची गोष्ट आहे. पन्नास वर्षांनी कुणी विचारलं की हा लेख खरा की बनावट, तर आपण काय दाखवणार? शिक्का?

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती त्या पुस्तिकेच्या संपादकांपासून आपल्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक ग्रुपपर्यंत सगळ्यांना आहे. सामायिक लेखन छापताना, टंकताना, पुढे पाठवताना चार गोष्टी करा. ज्याच्याकडून मिळालं त्याचं नाव लिहा. त्यात तुम्ही काय बदललं ते वेगळं दाखवा. जुनी प्रत पुसू नका, ती कुठे पाहायला मिळेल ते सांगा. आणि कुणाला नाव नको असेल तर तेही नोंदवा, कारण गाळलेल्या नावात आणि न दिलेल्या नावात फरक आहे. याला पैसे लागत नाहीत, सरकारी अनुदान लागत नाही, विद्यापीठाची पदवी लागत नाही. एक रकाना लागतो.

आमची मूळ फाइल आजही उघडी आहे. ती कुणीही घ्यावी, वाढवावी, छापावी, विकावी, आमची हरकत नाही. आम्ही मालकी मागितलेली नाही आणि मागणारही नाही. त्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती निघणार असं कानावर आलं आहे. त्या आवृत्तीत आमचा शेवटचा रकाना परत यावा आणि ‘नक्को’चा खुलासा जसा होता तसा यावा, असं आम्ही लेखी कळवलं आहे. आला तर मी स्वतः पुस्तिकेच्या प्रती विकत घेऊन बाजारात वाटीन. नाही आला तर मूळ यादी आम्ही स्वतः छापू. तिच्या पहिल्या पानावर खालांचं नाव असेल, आणि शेवटच्या पानावर, ही यादी याआधी कुणी छापली होती, त्यांचंही नाव असेल. त्यांनी आमचं गाळलं म्हणून आम्ही त्यांचं गाळणार नाही.